मेथी विमानाने, डाळ जहाजाने

५ जून २०१७ रोजी सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, बहरीन आणि इजिप्त या चार देशांनी कतारशी संबंध तोडले. कतारला जमिनीची सीमा एकच, सौदी अरेबियाची. अबू सम्राच्या नाक्यावर ती बंद झाली आणि ट्रक थांबले. देशात येणाऱ्या अन्नापैकी सुमारे ४० टक्के याच नाक्यातून येत होते. दोह्याहून तिकडे जाणारा रस्ता म्हणजे सलवा रोड, आणि अल अझीझिया ही अल रय्यान नगरपालिकेतली वस्ती त्याच रस्त्याच्या बाजूला आहे. त्या दिवशी लोक ट्रॉल्या भरभरून दूध, कोंबडी आणि पाणी घेऊन जात होते, कप्पे रिकामे होत होते. आपल्या ताटातली वस्तू कुठून आणि कशी येते हा प्रश्न कतारमध्ये राहणाऱ्या प्रत्येक घराला त्या आठवड्यात पडला.

उत्तरेही झपाट्याने मिळाली. तुर्कस्तान आणि इराणहून विमानांनी खाद्यपदार्थ आले. नुकत्याच सुरू झालेल्या हमाद बंदरातून ओमानच्या सोहार आणि सलालाह बंदरांशी थेट वाहतूक सुरू झाली. त्यापाठोपाठ गुजरातमधले मुंद्रा आणि आपल्या उरणजवळचे न्हावा शेवा यांच्याशीही थेट जहाजसेवा जोडली गेली. त्याआधी भारतातून येणारा पुष्कळसा माल दुबईच्या जेबेल अलीला उतरून मग पुढे यायचा. मुंबई आणि कतार यांचे हे नाते खरे तर फार जुने. तेलाच्या आधीच्या काळात आखातातले मोती मुंबईच्या बाजारात विकले जायचे आणि परतीच्या गलबतांतून तांदूळ, कापड, लाकूड, मसाले जायचे. १९६६पर्यंत कतारमध्ये भारतीय रिझर्व्ह बँकेने काढलेला आखाती रुपया चालत होता. २०१७ साली त्या जुन्या सागरी वाटेने पुन्हा एकदा घरातली चूल पेटती ठेवली.

जानेवारी २०२१मध्ये अल उला इथे करार झाला आणि नाकेबंदी उठली. आज दुकानांत सगळे काही मिळते. भाजीच्या प्रत्येक ढिगावर किमतीच्या चिठ्ठीसोबत देशाचे नाव असते: भारत, ओमान, जॉर्डन, इराण, तुर्कस्तान, नेदरलँड्स, केनिया, कतार. पर्यावरणाची काळजी घेऊन खरेदी करायची म्हटले की बहुतेकांची नजर आधी या नावाकडे जाते. जवळचा देश चांगला, दूरचा वाईट, आणि स्थानिक म्हणजे सर्वांत उत्तम, असा हिशोब आपण महाराष्ट्रातून सोबत आणलेला असतो. पुण्यात तो बरोबरच आहे. जुन्नर किंवा पुरंदरची भाजी मंडईत येते, ती पावसावर आणि विहिरीवर वाढलेली असते, तिथे जवळची वस्तू घेण्यात काहीच चूक नाही. अल अझीझियात मात्र हा हिशोब चालत नाही. इथे वस्तू किती दूरून आली यापेक्षा ती कशावर बसून आली, कोणत्या पाण्यावर वाढली आणि शेवटी तिचा किती भाग कचऱ्यात गेला, हे विचारावे लागते.

प्रवासापासून सुरुवात करू, कारण आकडे तिथे सर्वांत स्पष्ट बोलतात. एक टन माल एक किलोमीटर नेण्यासाठी थंड ठेवलेल्या जहाजाला सुमारे २३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडइतका खर्च येतो, साध्या जहाजाला त्याच्या निम्म्याहून कमी. विमानाला तोच खर्च एक किलोग्रॅमच्या वर जातो, म्हणजे जवळजवळ पन्नासपट. आता हे आपल्या स्वयंपाकघरात आणून पाहा. मुंबई ते दोहा समुद्रमार्गाने ढोबळपणे अडीच हजार किलोमीटर धरले, तर न्हावा शेवाहून आलेल्या एक किलो तूरडाळीच्या प्रवासाचा वाटा सुमारे २५ ग्रॅम. हवेतून हे अंतर २,३०० किलोमीटरच्या आसपास, आणि तेवढ्या प्रवासात एक किलो मेथीचा वाटा अडीच किलोग्रॅमच्या वर. मेथी तिच्या स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून अधिक कार्बन सोबत घेऊन उतरते. मोजण्याच्या पद्धतीनुसार हे आकडे थोडे मागेपुढे होतील, पण दोन्हींमधली दरी इतकी मोठी आहे की निष्कर्ष बदलत नाही.

म्हणून दुकानात वस्तू हातात घेतल्यावर मी एकच प्रश्न विचारायला सांगेन: ही आठवडाभर जहाजात टिकली असती का? कांदा, बटाटा, लसूण, डाळी, तांदूळ, पोहे, साबुदाणा, गूळ, मसाले, तेल, सफरचंद, संत्री, नाशिकची द्राक्षे ही सगळी जहाजाची मंडळी. त्यांच्या पाटीवर कितीही दूरचा देश असला तरी प्रवासापुरते निर्धास्त असावे. ब्राझीलची गोठवलेली कोंबडी अर्ध्या जगावरून येते, पण समुद्रातून येते. तिच्या पर्यावरणीय ओझ्यात प्रवासाचा वाटा लहान, कोंबडीच्या खाद्याचा मोठा. उलट कढीपत्ता, मेथी, शेवग्याच्या शेंगा, कोवळी भेंडी, अळूची पाने, ताजी मिरची यांतले जे भारतातून आलेले असते ते बहुधा विमानानेच आलेले असते, कारण दुसऱ्या वाटेने ते कोमेजले असते. युरोपातल्या स्ट्रॉबेरी-रास्पबेरी आणि केनियाच्या कोवळ्या शेंगा याच गटात.

हापूसचा प्रश्न अवघड आहे, कारण तो फक्त फळाचा प्रश्न नाही. एप्रिल-मे महिन्यांत आखातातल्या मराठी घरात पेटी उघडताना येणाऱ्या वासाला दुसरा पर्याय नसतो आणि तो मागूही नये. एक डझन हापूस म्हणजे साधारण तीन किलो, विमानाने आला तर साडेसात किलोग्रॅमच्या आसपास कार्बन. आंबा जहाजानेही आखातात येतो, वातानुकूलित कंटेनरमधून. तो थोडा कच्चा काढलेला असतो आणि घरी आणून पिकवावा लागतो. दुकानदाराला विचारले तर तो सांगतो, कारण दोहोंच्या भावात चांगलाच फरक असतो. आमरसासाठी जहाजाचा आंबा आणि कापून खाण्यासाठी, देवापुढे ठेवण्यासाठी एखादी विमानाची पेटी, ही वाटणी मला योग्य वाटते. सणाची वस्तू सणापुरती ठेवली की तिचे ओझे आपोआप मर्यादेत राहते. रोज लागणारी वस्तू विमानाने येऊ लागली की ते हाताबाहेर जाते.

सुट्टीहून परतताना भरलेल्या बॅगांचेही असेच आहे. मराठी माणसाच्या बॅगेत भाजणी, गोडा मसाला, मेतकूट, कोकम, कुरडया असतात, ते ठीक. तो हात आणि ती चव दोह्यात विकत मिळत नाही. पण पाच किलो तूरडाळ, दोन किलो साखर, पोहे, शेंगदाणे हेही त्याच बॅगेत कोंबले जातात आणि तीच डाळ, अनेकदा त्याच कंपनीची, घराजवळच्या सुपरमार्केटमध्ये जहाजाने येऊन पडलेली असते. विमानातल्या प्रत्येक किलोला जास्तीचे इंधन लागते. बॅगेतली जागा आईच्या हाताच्या भाजणीला द्यावी, डाळ इथे घ्यावी.

आता स्थानिक भाजीकडे वळू. कतारमध्ये नदी नाही. वर्षाचा पाऊस सरासरी ८० मिलिमीटरच्या आसपास. मुंबईत पावसाळ्यातल्या एका जोरदार दिवसात याहून जास्त पडतो. नळाला येणारे जवळजवळ सगळे पाणी समुद्राचे, नैसर्गिक वायू जाळून गोडे केलेले. रास अबू फोंतास, रास लफान, उम्म अल हौल इथल्या केंद्रांत समुद्राचे पाणी आत घेतले जाते आणि अधिक खारट, अधिक गरम पाणी आखातात परत सोडले जाते. शेती मात्र मुख्यतः भूजलावर चालत आली आहे आणि जमिनीखालून दरवर्षी जितके पाणी उपसले जाते, ते पावसाने परत भरणाऱ्या पाण्याच्या कितीतरी पट आहे. म्हणून इथल्या भूजलाची पातळी खाली गेली आणि किनाऱ्याकडून खारट पाणी आत सरकले.

अशा देशात ‘स्थानिक’ या शिक्क्याला ऋतू जोडूनच पाहायला हवे. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत दोह्याची हवा भाजीला मानवते. तेव्हा उघड्या शेतात आणि साध्या जाळीखाली टोमॅटो, काकडी, वांगी, भोपळी मिरची, कोबी, फ्लॉवर, कोथिंबीर, मुळा, पातीचा कांदा हे सगळे येते. अरब घरांत आवडीने खाल्ला जाणारा कुसा, म्हणजे कोवळ्या दुधीसारखी लागणारी फळभाजी, तोही याच दिवसांत येतो. डाळ घालून त्याची भाजी उत्तम होते. हिवाळ्यातल्या या भाजीला गारवा विकत घ्यावा लागत नाही, विमान लागत नाही, आणि ती ताजी असल्याने टिकते. नगरपालिका मंत्रालयाने उम्म सलालजवळ अल मझरूआ, तसेच अल खोर, अल वक्रा इथे शेतकऱ्यांसाठी हंगामी बाजार उभे केले आहेत. भाव बरे असतात आणि शेतकऱ्याला मधला दलाल टाळता येतो.

उन्हाळ्यात चित्र उलटे होते. जुलैत बाहेर ४५ अंश असताना जी स्थानिक काकडी मिळते ती थंड केलेल्या हरितगृहातली असते. ओल्या जाळ्यांतून हवा ओढून ही हरितगृहे थंड ठेवतात, त्यात पाणीही जाते आणि वीजही. मातीविना शेतीत पिकाला लागणारे पाणी खूपच कमी होते, ही या तंत्राची मोठी जमेची बाजू आहे, पण गारव्याला लागणारे पाणी आणि वीज त्या हिशोबात धरावीच लागते. देशाने आपली अन्नसुरक्षा वाढवावी हे मला पूर्णपणे पटते. २०१७ नंतर कोण नाही म्हणेल? तरीही फक्त पर्यावरणाच्या नजरेने पाहणाऱ्या गृहिणीने किंवा गृहस्थाने ऑगस्टमध्ये जहाजाने आलेली कोबी-गाजरे, दुधी, लाल भोपळा आणि मोड आलेली कडधान्ये जास्त खावीत, आणि टोमॅटो-काकडीची मौज डिसेंबरसाठी राखावी. मटकीला दोह्याच्या उन्हाळ्यात मोड किती चटकन येतात हे तिथल्या प्रत्येक मराठी घराला माहीत आहे.

अल मझरूआला जाताना गाडीचा विचार करावा. अल अझीझियाहून जाऊन-येऊन ५० किलोमीटरच्या आसपास पडतात. साधी पेट्रोलची गाडी दर किलोमीटरला २०० ग्रॅमच्या आसपास कार्बन सोडते, मोठी गाडी त्याहून जास्त. म्हणजे चार जुड्या कोथिंबिरीसाठी दहा किलोग्रॅम कार्बन. महिन्यातून एकदा, शेजारच्या दोन-तीन घरांची यादी घेऊन जावे. नाहीतर तीच भाजी जवळच्या दुकानात ‘कतार फार्म्स’च्या पाटीखाली मिळते, किंवा अल सैलियाच्या मध्यवर्ती बाजारात. वस्तूने हजारो किलोमीटर काटकसरीने यावे आणि शेवटचे दहा किलोमीटर आपण एकट्याने मोटारीत बसून उधळावेत, असे या शहरात फार होते. अल अझीझियाला एक सोय मात्र चांगली आहे. दोहा मेट्रोची सोनेरी मार्गिका नोव्हेंबर २०१९मध्ये सुरू झाली आणि तिचे पश्चिमेकडचे शेवटचे स्थानक हेच, व्हिलाजियो मॉलला लागून. एका फेरीला दोन रियाल पडतात आणि त्याच मार्गिकेवर सूक वाकिफही आहे. मागे ओढायची चाकांची पिशवी घेऊन आठवड्याचा किराणा मेट्रोने आणणे हिवाळ्यात सहज जमते. जुलैच्या दुपारी चालत जा, असे मात्र मी कोणाला सांगणार नाही.

ताटात काय आहे, हा प्रवासापेक्षा मोठा मुद्दा. ऑक्सफर्डचे जोसेफ पूर आणि स्वित्झर्लंडचे थॉमस नेमेचेक यांनी २०१८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात ११९ देशांतल्या सुमारे ३८,००० शेतांची माहिती एकत्र करून अन्नाचा संपूर्ण हिशोब मांडला. त्यातून दिसले की बहुतेक अन्नाच्या बाबतीत वाहतुकीचा वाटा अल्प असतो, खरे ओझे शेतात आणि गोठ्यात तयार होते. एक किलो कडधान्यामागे एक-दोन किलोग्रॅम कार्बन, तांदळामागे चारच्या आसपास, चीजमागे वीसच्या वर, आणि मांसासाठी पोसलेल्या गुरांच्या मांसामागे त्याहूनही कितीतरी जास्त. तांदळाचा आकडा इतका येतो कारण भाताच्या खाचरात साचलेल्या पाण्याखाली मिथेन तयार होतो. ज्वारी-बाजरीला तसे पाणी साचवून ठेवावे लागत नाही. अल अझीझियातल्या घरात आठवड्यातून तीनदा भाताऐवजी भाकरी झाली, तर कपाटातली कापडी पिशवी वर्षभर वापरण्यापेक्षा त्याचा उपयोग मोठा आहे, असे मला ठामपणे वाटते. पिठाची पाकिटे भारतीय किराण्याच्या दुकानांत मिळतात आणि जहाजानेच आलेली असतात.

दुधाबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. नाकेबंदीनंतर जुलै २०१७मध्ये ‘बलदना’ कंपनीने होल्स्टिन गाई विमानाने दोह्यात आणायला सुरुवात केली आणि पुढच्या काही वर्षांत देश ताज्या दुधाबाबत स्वयंपूर्ण झाला. ही कामगिरी मोठीच आहे. पण वाळवंटात त्या गाई पंखे आणि तुषारांनी थंड ठेवलेल्या गोठ्यांत राहतात, आणि त्यांचा चारा बराचसा जहाजांनी परदेशातून येतो. एका लिटर दुधामागे किती पाणी आणि किती वीज असेल याची कल्पना यावरून यावी. चहाचे दूध कोणी सोडावे असे मी म्हणणार नाही. पण एक किलो पनीरला पाच-सहा लिटर दूध लागते, तेव्हा आठवड्यातून तीनदा पनीर करण्याची सवय तपासून पाहावी. दही विकत न आणता घरी विरजावे. दोह्याच्या हवेत ते रात्रीत लागते, आणि प्लॅस्टिकचे डबे घरात साठत नाहीत.

मासळीचे शास्त्र वेगळे आहे आणि कोकणातल्या वाचकाला ते लगेच समजेल. महाराष्ट्रात जून-जुलैत पावसाळी मासेमारी बंद असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. आखातातही सुरमईसाठी असाच नियम आहे: १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर या काळात तिथल्या देशांत जाळ्याने सुरमई पकडायला बंदी असते. अरबीत हिला कनअद म्हणतात आणि दोह्याच्या मासळीबाजारात तिच्या तुकड्यांना मोठी मागणी. बंदीच्या काळात आखाती सुरमई मागूच नये. हमूरबद्दल तर बारा महिने सावध राहावे. हा आखातातला सर्वांत मानाचा मासा, लग्नाच्या आणि हॉटेलांच्या ताटातला. तो सावकाश वाढतो, मोठा झाल्यावरच विणीला येतो, आणि त्याआधीच पकडला गेल्याने आखातात त्याची संख्या फार घटली आहे. त्याऐवजी शेरी किंवा साफी घ्यावा. साफी वनस्पतींवर जगणारा लहान मासा आहे. हळद-मीठ लावून, रव्यात घोळवून तळला तर चव निराळी पण चांगली लागते. काटे जास्त असतात, मुलांना द्यायचा तर निवडून द्यावा.

पाणी. कतारचे नळाचे पाणी ‘कहरमा’ या सरकारी महामंडळाकडून येते आणि ते पिण्याच्या प्रतीचे असते. बिघाड होतो तो इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीत, ती वेळच्या वेळी धुतली नाही तर. त्यामुळे पर्यावरणाच्या दृष्टीने सर्वांत चांगली खरेदी म्हणजे टाकी धुऊन घेणे आणि नळाला साधी गाळणी बसवणे. घरमालक ऐकत नसेल तर वीस लिटरची बाटली घ्यावी, जी रिकामी करून परत द्यायची आणि कूपन फाडून भरलेली घ्यायची. सहा-सहा बाटल्यांची, प्लॅस्टिकच्या वेष्टनात बांधलेली गाठोडी मात्र घरात रोजच्या पिण्यासाठी आणू नयेत. समुद्राचे पाणी वायू जाळून गोडे करायचे, प्लॅस्टिकमध्ये भरायचे, ट्रकने दुकानात न्यायचे आणि तिथून मोटारीने घरी आणून तिसऱ्या मजल्यावर चढवायचे, एवढा खटाटोप नळातून येणाऱ्या वस्तूसाठी होतो. द्रव साबणाचेही हेच. त्यात बराचसा भाग पाणीच असते. कपड्यांसाठी कागदी खोक्यातली पावडर आणि भांड्यांसाठी वडी पुरते.

पिशवीचा प्रश्न मी मुद्दाम उशिरा घेतला, कारण सगळीकडे त्याचीच चर्चा आधी होते. कतारने १५ नोव्हेंबर २०२२पासून दुकानांत एकदाच वापरायच्या प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी घातली. महाराष्ट्रात मार्च २०१८च्या अधिसूचनेने बंदी आली होती, आणि त्याआधी २६ जुलै २००५च्या मुंबईच्या पुरात तुंबलेली गटारे पाहूनही नियम कडक झाले होते. कतारच्या बंदीनंतर लोक जाड, अनेकदा वापरायच्या पिशव्या घेऊ लागले आणि घराघरांत त्यांचाच ढीग झाला, कारण पिशवी गाडीत विसरते आणि दारात नवी मिळते. डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेने २०१८ साली केलेल्या अभ्यासात, हवामानापुरता विचार केला तर सुती पिशवी ५२ वेळा वापरल्यावर ती पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला येते, असे दिसले. पाणी, खते, रसायने असे सगळे परिणाम धरले तर हा आकडा ७,१०० वर जातो. कापसाला पाणी आणि खते किती लागतात हे विदर्भातल्या वाचकाला सांगायला नको. जुन्या साडीची किंवा पायजम्याची घरी शिवलेली पिशवी या हिशोबातून सुटते, कारण त्या कापडाचा खर्च आधीच फिटलेला असतो. तशा चार पिशव्या गाडीत, एक पर्समध्ये, आणि दुकानातल्या नव्या पिशवीला नाही.

हवामानाच्या दृष्टीने पिशवी लहान असली तरी वाळवंट आणि समुद्रासाठी ती लहान नाही. दुबईतले पशुवैद्यक उलरिख वर्नरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८पासून तपासलेल्या सुमारे ३०,००० मृत उंटांपैकी ३०० उंटांच्या पोटात प्लॅस्टिकचे घट्ट गोळे सापडले. आपल्या शहरांतल्या मोकाट गाईंच्या पोटात जे सापडते तेच. कतारच्या उत्तरेला फुवैरितच्या किनाऱ्यावर हॉक्सबिल कासवे अंडी घालतात आणि देशाच्या किनाऱ्यालगतच्या पाण्यात समुद्रगाईंचे मोठे कळप चरतात. वाऱ्याने उडालेली पिशवी त्यांच्यापर्यंत पोचते. म्हणून बंदी योग्यच आहे.

जे विकत घेतले त्यातले किती फेकले, हा हिशोब कोणीच दुकानात करत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली दिलेल्या अंदाजानुसार २०२२मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातले सुमारे ६० टक्के घरांतून. दोह्यात याला हातभार लावतात ते दर आठवड्याचे ऑफरचे पत्रक आणि मोठी ट्रॉली. दमट हवेत रव्याला जाळी धरते, डाळीत टोके होतात, कोथिंबीर दोन दिवसांत पिवळी पडते. विमानाने आलेली मेथी शेवटी कचऱ्याच्या पिशवीत गेली तर अडीच किलोग्रॅम कार्बन अक्षरशः फेकला गेला. डाळी मोठ्या पाकिटात घ्याव्यात आणि कडक डब्यात, शक्य तर फ्रीजमध्ये ठेवाव्यात. पालेभाजी मात्र दोन दिवसांपुरतीच, ऑफर कितीही मोठी असो. पूजा, वाढदिवस यांतले उरलेले चांगले अन्न गरजूंपर्यंत पोचवण्याचे काम दोह्यात ‘हिफ्ज अल नईमा’ ही संस्था करते. कार्यक्रमाच्या आधीच त्यांच्याशी बोलून ठेवले तर दुसऱ्या दिवशी पातेली रिकामी करायची वेळ येत नाही.

शेवटी मोठ्या वस्तूंबद्दल, कारण इथली वस्ती तात्पुरती असते. अल अझीझिया, ऐन खालिद, मुऐथर या भागांत अनेक भारतीय कुटुंबे व्हिलांच्या भागांत भाड्याने राहतात आणि भाड्यातच वीज-पाण्याचे बिल धरलेले असते. त्यामुळे वातानुकूलन यंत्र किती वीज खाते हे कोणाला दिसत नाही, आणि ते स्वतः विकत घ्यायची वेळ आली तर स्वस्तातले घेतले जाते. कतारमध्ये या यंत्रांवर ताऱ्यांचे लेबल असते. बिल आपण भरो वा न भरो, अधिक तारे असलेलेच घ्यावे. जाळला जाणारा वायू तोच आहे. अल खरसाहचा ८०० मेगावॉटचा सौरप्रकल्प ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झाला, तरी देशाची बरीचशी वीज अजून वायूचीच.

मार्चमध्ये भारतीय शाळांचे वर्ष संपते आणि बदली झालेली, नोकरी संपलेली कुटुंबे निघतात. तेव्हा सोफे, खाटा, सायकली, पुस्तके, कुकर, इस्त्र्या यांचे फोटो व्हॉट्सअॅप गटांवर आणि विक्रीच्या संकेतस्थळांवर येतात. नज्मा भागातल्या सूक अल हराजमध्ये जुन्या फर्निचरची दुकानेच आहेत. एप्रिलमध्ये नव्याने आलेल्या कुटुंबाने पहिल्या महिन्यात फक्त गाद्या, चादरी आणि स्वयंपाकाची चार भांडी नवी घ्यावीत. जेवणाचे टेबल, कपाट, मुलांचे अभ्यासाचे टेबल, पंखे हे सगळे जाणाऱ्या घरातून घ्यावे. महाराष्ट्र मंडळातल्या ओळखीत विचारले तरी निम्मे घर लागते. धुण्याचे यंत्र आणि फ्रीज मात्र किती वर्षांचे आहेत ते विचारून घ्यावेत. फार जुना फ्रीज स्वस्तात मिळाला तरी तो दिवसरात्र जास्त वीज ओढत राहतो, आणि तो घेण्यापेक्षा नवा, ताऱ्यांचा घेऊन तीन-चार वर्षांनी पुढच्या घराला देणे चांगले.